भारात्मक विश्लेषण (ग्रॅव्हिमेट्री): अकरावी-बारावीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे बहुतेक प्रश्न अकरावी-बारावी सायन्सच्या मुलामुलींचे आहेत, थोडे बीएस्सी पहिल्या वर्षाचे आणि एखाद-दुसरा पालकांचा. उत्तरं देताना सोलापूरचं पाणी, सोलापूरचा उन्हाळा आणि आपल्या ज्युनिअर कॉलेजांच्या लॅबमध्ये खरोखर सापडणारं सामान डोळ्यांपुढे ठेवलं आहे. सगळं क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. घाईत असाल तर बोअरच्या पाण्याचा प्रयोग आणि पंख्याचा प्रश्न एवढे दोन तरी वाचा.

भारात्मक विश्लेषण म्हणजे थोडक्यात काय?

नमुन्यात एखादा घटक किती आहे ते वजनावरून काढणं. अडचण अशी की तो घटक सहसा जसाच्या तसा तोलता येत नाही. पाण्यात विरघळलेलं सल्फेट चिमट्याने उचलून काट्यावर कसं ठेवणार? म्हणून त्याला अशा संयुगात अडकवायचं, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ज्याचं रासायनिक सूत्र पक्कं ठाऊक आहे आणि जे तापवून पूर्ण कोरडं करता येतं. ते संयुग तोलायचं आणि त्यात आपला घटक किती ते अणुवस्तुमानांवरून काढायचं. ही अवक्षेपण पद्धत.

दुसरी पद्धत उलट्या बाजूने जाते: तापवून काहीतरी उडवून लावायचं आणि वजन किती घटलं ते बघायचं. ज्वारीतला ओलावा किंवा मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) स्फटिकजल असंच काढतात. तिसरी विजेची: द्रावणातला धातू इलेक्ट्रोडवर बसवायचा आणि इलेक्ट्रोडचं वजन किती वाढलं ते पाहायचं. तांब्यासाठी ती उत्तम, पण कॉलेजात क्वचितच करायला मिळते.

तिन्हींमध्ये स्वतःला एकच प्रश्न विचारत राहायचा: आत्ता काट्यावर नेमकं काय बसलंय? पुढची बरीचशी उत्तरं त्याच प्रश्नाची आहेत.

टायट्रेशन पाच मिनिटांत होतं. मग दोन दिवसांचा हा खटाटोप कशाला?

टायट्रेशन झटपट होतं, कबूल. पण ब्युरेटमधल्या द्रावणाची तीव्रता आधी माहीत असावी लागते. ती ठरवायला दुसरं द्रावण लागतं, आणि त्या दुसऱ्याच्या मुळाशीही शेवटी कुणीतरी काट्यावर तोललेला पदार्थच असतो. ग्रॅव्हिमेट्रीत ही साखळी नाही. चांगला काटा आणि अणुवस्तुमानांचा तक्ता एवढ्यावर उत्तर निघतं.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. भारतात काचेची मोजपात्रं साधारणपणे २७ अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेली असतात. फ्लास्कवर तसं छापलेलं असतं, पुढच्या वेळी बघा. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि बिनएसीच्या लॅबमध्ये द्रावणही तितकंच तापतं. २७ अंशांचं १०० मिलिलिटर पाणी ४० अंशांना साधारण १००.४ मिलिलिटर होतं. म्हणजे तुम्ही काही न करता ०.४ टक्क्याची चूक खिशात. आकारमान उन्हाने बदलतं, वस्तुमान बदलत नाही. शंभर ग्रॅम द्रावण जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळीही शंभर ग्रॅम आणि मे महिन्यातही शंभर ग्रॅमच.

हे परीक्षेला येतं का?

बारावीच्या प्रात्यक्षिकात तुम्ही टायट्रेशन आणि सॉल्ट अॅनालिसिस करता. ग्रॅव्हिमेट्रीचा पूर्ण प्रयोग बीएस्सीला हातात येतो. लेखी बाजूने मात्र सुटका नाही. जेईई मेन आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमात सेंद्रिय संयुगांतल्या हॅलोजन, गंधक आणि फॉस्फरसचं मापन आहे, आणि ते सगळं अवक्षेप तोलूनच होतं. अकरावीचा मोल आणि स्टॉइकिओमेट्रीचा भाग पक्का असेल तर यात नवीन गणित काहीच नाही.

एक पूर्ण प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का? शक्यतो आपल्या पाण्यावरचा.

बोअरच्या पाण्यातलं सल्फेट घेऊ. सोलापुरात ज्याच्या घरी बोअर आहे त्याला नळाच्या तोट्यांवरचे पांढरे थर नवीन नाहीत. ते थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, पण त्याच पाण्यात सल्फेटही असतं.

पाणी आधी गाळून घ्या, म्हणजे माती-गाळ बाहेर राहील. त्यातलं २५० मिलिलिटर मोठ्या बीकरमध्ये घेऊन एक-दोन मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. बुडबुडे दिसतील, तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. आम्ल घातलं नाही तर नंतर बेरियम कार्बोनेटही खाली बसेल आणि तुम्ही ते सल्फेट समजून तोलाल. आता पाणी उकळीला आणा.

वेगळ्या बीकरमध्ये बेरियम क्लोराइडचं विरळ द्रावण गरम करा आणि काचकांडीने ढवळत थेंबाथेंबाने उकळत्या पाण्यात सोडा. पहिल्या काही थेंबांना विशेष काही होत नाही. मग एका क्षणी कांडीभोवती दुधाळ धूर उठतो आणि बघता बघता सगळं बीकर पांढरं होतं. ढवळणं थांबवा, साका (अवक्षेप) खाली बसू द्या. वर नितळ पाण्याचा थर दिसला की बीकरच्या कडेने बेरियम क्लोराइडचा एक थेंब सोडून बघा. जिथे थेंब पडला तिथे धूसर झालं, तर सल्फेट अजून बाकी आहे. काहीच दिसलं नाही, तर काम झालं.

आता घाई नको. बीकरवर वॉच ग्लास ठेवून ते न उकळू देता, ८०–९० अंशांना दोन तास राहू द्या, किंवा रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी व्हॉटमन ४२ नंबरचा पेपर चौघडी करून फनेलमध्ये बसवा. तिपदरी बाजूचा बाहेरचा कोपरा चिमूटभर फाडलात तर पेपर काचेला घट्ट चिकटतो आणि हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. फाडलेला तुकडा टाकू नका, बीकरच्या भिंतीला चिकटलेले कण पुसायला तो कामी येतो. आधी वरचं नितळ पाणी काचकांडीच्या आधाराने ओता, साका शेवटी. पेपर काठोकाठ भरू नका. बेरियम सल्फेटचा बारीक साका पेपरवर वर चढतो, म्हणून वरचा सेंटिमीटरभर भाग रिकामा ठेवा. बीकरमध्ये राहिलेलं रबरी टोकाच्या कांडीने खरवडा. तिला लॅबमध्ये ‘पोलिसमन’ म्हणतात. का म्हणतात ते तुमच्या लॅब असिस्टंटला विचारा, प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट असते.

गरम डिस्टिल्ड वॉटरने थोडं थोडं करत धुवा. फनेलखालून येणारे थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाका. धूसर झालं तर क्लोराइड अजून धुऊन जायचंय.

शेवटी आधी तापवून, गार करून तोललेल्या सिलिका क्रूसिबलमध्ये (आच सोसणाऱ्या छोट्या वाटीत) पेपर घडी करून ठेवायचा. मंद आचेवर वाळवायचा, ज्योत न लागू देता हळूहळू काळा करायचा, मग झाकण थोडं उघडं ठेवून काळेपणा पूर्ण जाईपर्यंत जाळायचा आणि ८०० अंशांच्या आसपास तासभर तापवायचा. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून तोलायचं.

समजा बेरियम सल्फेट ०.१८२२ ग्रॅम भरलं. ०.४११६ ने गुणलं की सल्फेट ०.०७५० ग्रॅम, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. ते पाव लिटरमध्ये होतं, तर लिटरला ३०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात सल्फेटची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आपला हा कल्पित बोअर मधल्या पट्ट्यात येतो.

हा ०.४११६ कुठून आला? पाठ करायचा का?

पाठ करू नका. सल्फेटचं रेणुभार ९६.०६, बेरियम सल्फेटचं २३३.३९. पहिल्याला दुसऱ्याने भागा. याला ग्रॅव्हिमेट्रिक फॅक्टर म्हणतात आणि तो दर वेळी दहा सेकंदांत निघतो. तुम्हाला सल्फेटऐवजी गंधक हवं असेल तर वर ३२.०६ येतील आणि फॅक्टर ०.१३७४ होईल. तोललेला पदार्थ तोच, प्रश्न बदलला की फॅक्टर बदलतो. पाठांतरवाल्यांची नेमकी इथेच फसगत होते: पेपरात गंधक विचारलेलं असतं आणि ते सल्फेटचा फॅक्टर लावून मोकळे होतात.

थेंबाथेंबाने आणि गरमच का ओतायचं? एकदम ओतलं तर वेळ वाचेल.

एकदम ओतलंत तर हजारो सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी जन्माला येतात आणि कुणीच मोठं होत नाही. असा साका पेपरमधून सरळ खाली निघून जातो. सावकाश ओतल्यावर, तेही गरम आणि विरळ द्रावणात, नवे स्फटिक कमी तयार होतात आणि आधीचेच वाढतात. नंतरचे ते दोन तासही फुकट जात नाहीत. लहान कण थोडे जास्त विरघळतात, तो माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो, आणि लहानांच्या जिवावर मोठे मोठे होतात. या प्रक्रियेला विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. आतमध्ये अडकलेली घाणही यात बरीच बाहेर येते.

बेरियम क्लोराइड थोडं जास्त पडलं तर?

थोडं जास्त पडायलाच हवं. शुद्ध पाण्यात बेरियम सल्फेट लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. पाण्यात बेरियमचे आयन आधीच जास्त असतील तर सामाईक आयन परिणामामुळे हे प्रमाण शेकडो पटींनी घटतं. बारावीत जो कॉमन आयन इफेक्ट फक्त गणितापुरता भेटतो तो इथे प्रत्यक्ष तुमचा साका वाचवतो. पण बाटली उपडी करू नका, कारण जास्तीचं बेरियम क्लोराइड साक्याबरोबर चिकटून खाली येतं. शिवाय विद्राव्य बेरियम विषारी आहे, त्यामुळे हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. मौजेची गोष्ट म्हणजे पोटाच्या एक्स-रेआधी डॉक्टर पेशंटला बेरियम सल्फेटच प्यायला देतात. ते विरघळत नाही म्हणून बाधत नाही. एकच धातू, एका संयुगात विष आणि दुसऱ्यात तपासणीचं साधन.

सगळं नीट केलं तरी उत्तर जास्त येतं. काटा खराब आहे का?

काट्यावर संशय घेण्याआधी साक्यावर घ्या. आपण त्याला बेरियम सल्फेट म्हणतो, पण स्फटिक वाढताना आजूबाजूचं काही ना काही पोटात घेतो: बेरियम क्लोराइड, नायट्रेट असेल तर बेरियम नायट्रेट, सोडियमचे क्षार. याला सहअवक्षेपण म्हणतात आणि बेरियम सल्फेट या बाबतीत बदनाम आहे. यातलं काही वजन वाढवतं, काही चक्क घटवतं. बेरियम सल्फेटच्या जागी हलकं सोडियम सल्फेट अडकलं तर सल्फेट पूर्ण खाली बसूनही वजन कमी भरतं. चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं, असंही होतं. जर्नलमध्ये ते छान दिसतं, एवढंच.

आपल्या भागात आणखी एक पाहुणा असतो: सिलिका. सोलापूर दख्खनच्या बेसाल्टवर बसलेलं आहे आणि या खडकातल्या भूजलात विरघळलेली सिलिका असते. ती जास्त असेल तर आम्लासोबत पाणी पूर्ण आटवून सिलिका आधी गाळून काढावी लागते. नाहीतर काट्यावर थोडी वाळूही बसलेली असते.

साधा फिल्टर पेपर चालत नाही का? व्हॉटमन महाग पडतो.

साधा पेपर जळाला की राख मागे राहते आणि ती तुमच्या साक्यात मिसळून तोलली जाते. ४२ नंबरचा पेपर आम्लाने धुतलेला असतो. त्याची राख इतकी नगण्य की काट्यावर दिसत नाही. शिवाय त्याची छिद्रं बारीक असतात. फेरिक हायड्रॉक्साइडसारखा चिकट, लिबलिबीत साका असेल तर त्याला ४१ नंबर बरा; ४२ वर तो संध्याकाळपर्यंत गळत बसेल.

काट्यावरचा आकडा स्थिरच होत नाही. सरकत राहतो. काय करावं?

आधी पंखा बंद करा. उन्हाळ्यात कुणी खुशीने करणार नाही, पण चार दशांश दाखवणारा काटा डोक्यावरच्या पंख्याखाली वापरण्यात काही अर्थ नाही. काचेची दारंही पूर्ण लावा.

मग आकडा कोणत्या दिशेला सरकतोय ते बघा. त्यातच निदान आहे. आकडा हळूहळू वाढत असेल तर दोन शक्यता. एक, क्रूसिबल अजून कोमट आहे. गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर जाते, पारड्यालाही किंचित वर उचलते, म्हणून वजन कमी दिसतं. वस्तू निवत गेली की आकडा चढतो. दोन, आतला पदार्थ हवेतला ओलावा पितोय. पाच मिनिटांत वाढ थांबली तर पहिली शक्यता, थांबतच नसेल तर दुसरी. आकडा घटत असेल तर क्रूसिबल ओलं आहे किंवा हाताने धरलेलं आहे. घामाचं बोट मिलिग्रॅममध्ये मोजता येतं, म्हणून क्रूसिबलला चिमट्याशिवाय शिवायचं नाही.

डेसिकेटरमध्ये अर्धा तास गार करा, आणि महत्त्वाचं म्हणजे दर वेळी तेवढाच वेळ. रिकामं क्रूसिबल वीस मिनिटांनी आणि भरलेलं तासाभराने तोललं तर दोन वजनांची तुलनाच होत नाही. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ती संपली; ओव्हनमध्ये तापवा, परत निळी होईल. सोलापूर कोरडं आहे म्हणून गाफील राहू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही जेल पटापट गुलाबी होते.

‘स्थिर वजन येईपर्यंत तापवा’ म्हणजे किती वेळा?

लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक उरत नाही तोपर्यंत. तापवा, गार करा, तोला, परत तापवा. रिकाम्या क्रूसिबललाही हाच नियम लागू आहे, आणि तिथेच मुलं टाळाटाळ करतात.

जाळल्यावर बेरियम सल्फेट पांढरं न होता राखाडी राहिलं.

कार्बन पूर्ण जळलेला नाही. हवा खेळती ठेवून आणखी तापवा. पण दुसरी भानगड डोळ्यांना दिसत नाही: पेपरचा कोळसा तापलेल्या बेरियम सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काही भाग बेरियम सल्फाइड होतो. ते हलकं असतं, म्हणून वजन कमी भरतं. पेपरला भडका लागू न देता सावकाश जाळायला सांगतात ते यासाठीच. उपाय सोपा आहे. क्रूसिबल गार झाल्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाचा एक-दोन थेंब टाका, फ्यूम हूडमध्ये धूर संपेपर्यंत हलकेच तापवा आणि परत पूर्ण तापवा. सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं.

क्लोराइडच्या प्रयोगात सिल्व्हर क्लोराइडचा साका जांभळट झाला. फेकून द्यायचा?

खिडकीतून ऊन येतंय. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात फुटतं, चांदीचे बारीक कण सुटतात आणि क्लोरीन निघून जातो. किंचित छटा असेल तर चालवून घ्या, गडद असेल तर नव्याने करा.

इथे एक गंमत आहे. कोरडा साका उन्हात राहिला तर क्लोरीन उडतो आणि वजन घटतं. पण साका अजून बीकरमध्येच असेल आणि द्रावणात जास्तीचं सिल्व्हर नायट्रेट असेल, तर सुटलेला क्लोरीन पाण्याशी अभिक्रिया करून पुन्हा क्लोराइड देतो, त्याचं आणखी सिल्व्हर क्लोराइड बनतं, आणि सुटलेली चांदीही साक्यातच पडून राहते. मग वजन वाढतं! एकाच उन्हाने दोन उलट्या चुका. बीकरला काळा कागद गुंडाळा आणि विषय संपवा.

हा साका साध्या पाण्याने धुवू नका. आयन निघून गेले की त्याचे कण सुटे होऊन पेपरमधून पळतात. अगदी विरळ नायट्रिक आम्लाने धुवा. तापवल्यावर ते आम्ल उडून जातं. आणि पेपर जाळायच्या भानगडीत न पडता सिंटर्ड ग्लास क्रूसिबलमध्ये (तळाला सच्छिद्र काच असलेल्या) गाळून १३०–१५० अंशांना वाळवा.

आमच्याकडे ०.०१ ग्रॅमचा काटा आहे, मफल फर्नेस (विजेची भट्टी) नाही. मग काहीच करता येणार नाही?

बेरियम सल्फेट विसरा. ०.१८ ग्रॅमच्या साक्यावर ०.०१ ग्रॅमची अनिश्चितता म्हणजे साधारण सहा टक्के. त्यापेक्षा अंदाज बरा. पण मोरचूद करा. पाच ग्रॅम निळे स्फटिक बारीक कुटून क्रूसिबलमध्ये घ्या आणि बर्नरच्या मंद आचेवर ढवळत तापवा. निळा रंग फिका होत होत पांढरा होतो. सूत्राप्रमाणे ५.०० ग्रॅममधून १.८० ग्रॅम पाणी गेलं पाहिजे आणि ३.२० ग्रॅम उरलं पाहिजे. ३.२० ला कोरड्या कॉपर सल्फेटच्या रेणुभाराने, १५९.६ ने भागा, १.८० ला पाण्याच्या रेणुभाराने, १८.०२ ने भागा, गुणोत्तर १ : ५ येतं. स्फटिकात पाण्याचे पाच रेणू आहेत हे पुस्तकात वाचणं आणि स्वतःच्या काट्यावर काढणं यात फरक आहे, आणि माझ्या मते ग्रॅव्हिमेट्रीची सुरुवात याच प्रयोगाने व्हावी. आच मोठी ठेवून पूड काळी पडू देऊ नका. तसं झालं तर पाण्याबरोबर सल्फेटही फुटायला लागलं आहे. शेवटी पांढऱ्या पुडीवर पाण्याचा थेंब टाका, निळी होईल.

पालकांचा प्रश्न: घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) आहे. त्याचा आकडा आणि लॅबचा आकडा वेगळा का?

कारण मीटर काही तोलत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणतं. हा गुणक पाण्यात कोणते क्षार आहेत त्यावर बदलायला हवा, पण मीटरला ते कळत नाही. लॅबमध्ये पाणी गाळून, तोललेल्या बशीत आटवून, १८० अंशांना वाळवून मागे उरलेलं तोलतात. हीही ग्रॅव्हिमेट्रीच. पण हा आकडाही अगदी निर्दोष नाही: आटवताना बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि त्याचं जवळपास अर्धं वजन वाफ आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातं. घरी रोजचा चढउतार बघायला मीटर पुरेसं आहे. वाद घालायचा असेल तर लॅबमध्ये जा.

हे सगळं कॉलेजबाहेर कुठे वापरतात? सोलापुरात कुणी करतं का?

नाव न घेता रोज करतात. सूत वजनावर विकलं जातं आणि कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. म्हणून व्यवहारासाठी कापसाचा प्रमाण ओलावा कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात, म्हणजे १०० किलो पूर्ण कोरडं सूत १०८.५ किलो मानलं जातं. चादर-टॉवेलच्या धंद्यात सूत घेताना ओलावा किती हे ओव्हनमध्ये वाळवून, आधी-नंतर तोलून कळतं. साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) ओलावा असाच काढतात, आणि साखरेतली राख सल्फ्युरिक आम्लासोबत जाळून, उरलेलं तोलून.

शेतीत मातीचा ओलावा १०५ अंशांना वाळवून काढतात. इथे एक खड्डा आहे. ५० ग्रॅम ओली माती वाळून ४० ग्रॅम झाली, तर मातीवाले म्हणतात ओलावा २५ टक्के, कारण ते कोरड्या वजनाने भागतात. तेच आकडे ज्वारीचे असतील तर धान्यवाले म्हणतील २० टक्के, कारण ते ओल्या वजनाने भागतात. दोघंही बरोबर, तुमच्या जर्नलमध्ये मात्र कोणत्या वजनाने भागलं ते लिहा.

आणि सराफ कट्टा. दुकानातलं एक्स-रे मशीन दागिन्याचा फक्त पृष्ठभाग वाचतं. हॉलमार्किंगमध्ये शेवटचा शब्द फायर असेचा. नमुना तोलून त्यात चांदी मिसळतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत तापवतात. शिसं आणि तांब्यासारखे हिणाचे धातू ऑक्साइड होऊन सच्छिद्र कपात मुरतात. उरलेला सोन्या-चांदीचा मणी ठोकून पातळ करतात, नायट्रिक आम्लात चांदी विरघळवतात, आणि मागे राहिलेलं शुद्ध सोनं तोलतात. ९१६ हा आकडा शेवटी काट्यावरूनच येतो.

आता एवढी यंत्रं आली आहेत. ही पद्धत जुनाट नाही का?

हळू आहे, जुनाट नाही. यंत्राला आधी प्रमाणित द्रावण दाखवावं लागतं, आणि ते बनवताना कुणीतरी काटा वापरलेला असतो. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः सिल्व्हर क्लोराइड-ब्रोमाइडचे साके तोलून अणुभार इतके अचूक काढले की १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. किरणोत्सारी खनिजातल्या शिशाचा अणुभार साध्या शिशापेक्षा वेगळा भरतो हेही त्यांनीच तोलून दाखवलं, आणि समस्थानिकांच्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. दिवसाला शंभर नमुने करायचे असतील तर मात्र यंत्रच घ्या.

गणितात मार्क कुठे जातात?

अणूंच्या संख्येत. फेरिक ऑक्साइडमध्ये लोहाचे दोन अणू आहेत, म्हणून फॅक्टर ०.६९९४, दोन विसरलात तर उत्तर नेमकं निम्मं येतं. फॉस्फरस मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट म्हणून तोलतात, तिथेही दोन अणू.

कॅरिअस पद्धतीचं एक उदाहरण: सेंद्रिय संयुग ०.२५० ग्रॅम, धूम्र नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटसोबत बंद नळीत तापवलं, सिल्व्हर ब्रोमाइड ०.१८८ ग्रॅम मिळालं. ब्रोमीन = ०.१८८ × ७९.९ ÷ १८७.८ = ०.०८०० ग्रॅम, म्हणजे ३२.० टक्के. इथे ३१.९९४ लिहू नका. वजनं तीन सार्थ अंकांत दिली आहेत, उत्तरही तेवढंच.

सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी झाली. काय लावू?

काही लावू नका, घासूही नका. चांदीचे कण कातडीत बसलेत. वरचा थर झडला की आठवड्या-दोन आठवड्यांत डाग जातील. पुढच्या वेळी हातमोजे घाला. आणि सिल्व्हर क्लोराइडचा साका सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा. त्यातून चांदी परत काढता येते.